हट्टी, क्रमांक एक्केचाळीस

थंड खोल्या सांभाळणाऱ्या त्या माणसाला अख्खी संस्था थंडोबा म्हणत असे, आणि त्याचं त्याला काही वाटत नसे. नाव ठेवणारी त्याची बायकोच होती. लग्नाआधीची गोष्ट. ती तेव्हा बटाट्यावर संशोधन करायला नुकतीच आली होती आणि एका खोलीचं तापमान अर्ध्या अंशाने चढलं म्हणून तणतणत त्याच्याकडे गेली होती. याने शांतपणे चहा संपवला, कप विसळून पालथा घातला आणि मग पाना उचलला. "कसला थंडोबा माणूस आहे," असं ती बाहेर येऊन म्हणाली, ते दहाजणांनी ऐकलं. वर्षभराने तिने त्याच थंडोबाशी लग्न केलं, तेव्हा त्या दहाजणांची बोलती बंद झाली.

काम म्हटलं तर सोपं होतं. तळमजल्यावर ओळीने पाच खोल्या, प्रत्येक दाराला बाहेरून लोखंडी खटका आणि कडेने रबराची पट्टी. आत फळ्यांवर कुंड्या, वर दिवे, आणि अखंड घुमणारा पंखा. सकाळी सातला आणि संध्याकाळी सहाला तापमान बघायचं आणि नोंदवहीत लिहायचं. एकतीस वर्षांत त्याने एकही नोंद चुकवली नव्हती. स्वतःच्या लग्नालाही तो सातची नोंद करूनच गेला होता, आणि त्यावरून बायकोने त्याला जन्मभर ऐकवलं. तिसरी खोली तिच्या झाडांची. त्या दारावर तिने स्वतःच्या हाताने लिहून चिकटवलं होतं : "दार उघडण्याआधी विचार करा. उघडल्यावर करत बसू नका."

संस्थेत तिला सगळे बाई म्हणत. मोठी विद्वान, पण बोलणं साधं. एकदा जेवताना त्याने विचारलं होतं, "बटाट्याला थंडी कळते का गं?"

"तुला कळायच्या आधी कळते," ती म्हणाली. "पेशीभोवती पडदा असतो, त्यात चरबी असते. गार पडलं की ती थिजायला लागते, लोणी थिजतं तशी. पडदा ताठला की कॅल्शियम आत घुसतं आणि बोंब होते. ती ऐकून म्होरके उठतात."

"कोण म्होरके?"

"जनुकं रे. दोन-चार तास ती नुसती ओरडून घर डोक्यावर घेतात. मग कामकरी जनुकं उठतात. कोणी साखर साठवतं, कोणी पडद्यातली चरबी पातळ करतं, कोणी प्रथिनं रचून पडद्याला टेकू देतं. चौदा दिवसांत तयारी पूर्ण. मग उणे पाचला नेलं तरी झाड मरत नाही."

"मग आपला बाजारातला बटाटा का मरतो?"

"त्याचे म्होरके ओरडतात, पण कामकरी कूस बदलून झोपतात. तुझ्यासारखे."

एवढं त्याच्या डोक्यात पक्कं बसलं. चौदा दिवस लागतात, हे तर तो कुणालाही सांगायचा. ही तयारी टिकते किती दिवस, हे मात्र त्याने कधी विचारलं नाही, आणि जेवण संपल्यामुळे तिनेही सांगितलं नाही.

डोंगरातला एक रानटी बटाटा असतो, गोटीएवढा आणि कडूजहर, पण थंडीला भीक न घालणारा. त्याचा बाजारातल्या बटाट्याशी संकर करायचा आणि थंडी सोसणारा, खाता येईल असा वाण काढायचा, हे बाईंचं काम. त्यात अकरा वर्षं गेली. चाळीस वाण झाले आणि चाळीसही या ना त्या कारणाने पडले. साहेब लोक तोंडावर गोड बोलत आणि मागे हसत, हे दोघांनाही ठाऊक होतं. एक्केचाळिसावा वाण निघाला तेव्हा ती आजारी होती. त्याच्या रोपाची पानं फाटली, किडीने खाल्ली, एकदा कुंडीसकट खाली पडलं, तरी ते जगलं, म्हणून तिने त्याला हट्टी नाव ठेवलं.

जन्मभर झाडांना गारठवणाऱ्या त्या बाईला शेवटी स्वतःला थंडी सोसेना. इस्पितळात तिच्या अंगावर तीन ब्लँकेटं असत, पायाशी गरम पाण्याची पिशवी असे, तरी तिची बोटं गारच. थंडोबा ती हातात धरून बसायचा. शेवटच्या दुपारी ती म्हणाली, "मला जरा उन्हात ने ना." बाहेर व्हरांड्यात बाक होता, त्यावर छान ऊन आलं होतं. पण नर्स म्हणाली, हलवू नका, आणि हा कुणाचं न ऐकणाऱ्यातला नव्हता. "उद्या नेतो," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत ती गेली. आयुष्यात त्याने कुणाचं काही वाईट केलं नव्हतं, पण हे "उद्या" त्याला रोज सलत राहिलं.

मागे राहिला हट्टी. त्याचे सगळे मिळून एकोणीस बटाटे होते. परीक्षेसाठी त्यांतले बारा कुंड्यांत लावायचे आणि सात बियाणं म्हणून थंड कोठीत जाळीच्या पिशवीत ठेवायचे, असं ठरलं. झाडं उणे पाचची परीक्षा पास झाली, तर तो वाण काचेच्या नळ्यांत इवल्या रोपांच्या रूपात कायमचा जपला जाणार. नापास झाली, तर उरलेलं बियाणं वाफेच्या बॉयलरमध्ये घालून नष्ट करायचं. नियमच तसा होता, कारण जागा थोडी आणि वाण फार. ते सात बटाटे नळ्यांत जावेत आणि बाईंची अकरा वर्षं फुकट गेली नाहीत हे लोकांनी बघावं, याहून जगाकडून थंडोबाला काही नको होतं. त्याच्या निवृत्तीला चार महिने उरले होते.

परीक्षा घेणार होती चिमटी. ती बाईंची शेवटची विद्यार्थिनी. कोटाच्या खिशात कायम चिमटा असायचा, म्हणून बाईंनीच तिला चिमटी केलं होतं. मुलगी हुशार आणि पापभीरू. बटाटे रुजून रोपं वाढली, मग तिसऱ्या खोलीत चार अंशांवर हट्टीच्या बारा कुंड्या लागल्या, शेजारी तुलनेसाठी दुसऱ्या वाणांच्या लागल्या, आणि थंडोबा दिवस मोजू लागला.

तेरावा दिवस रविवारी आला. बाईंना जाऊन त्याच तारखेला वर्ष होत होतं.

सकाळी सातची नोंद करायला तो आला, तेव्हा इमारतीत चिटपाखरू नव्हतं. खोली चार अंशांवर होती. हट्टीच्या पानांवर दव साचलं होतं आणि पंख्याच्या वाऱ्याने ती थरथरत होती. एरवी रोज तो हे बघायचा आणि दार लावायचा. त्या दिवशी दार लावणं त्याच्या जिवावर आलं. समोर अंगणापलीकडे काचघर उन्हाने भरलं होतं. झाडं तेरा दिवस थंडी शिकली आहेत, त्याने मनाशी म्हटलं, आता एक दिवस उन्हात बसली म्हणून काय बिघडतंय? सायकल शिकलेला माणूस एक दिवस चालत गेला म्हणून सायकल विसरत नाही. नऊ वाजता त्याने हट्टीच्या कुंड्या दोन-दोन करून काचघरात नेल्या आणि स्वतः त्यांच्याशेजारी स्टूल घेऊन बसला. दिवसभर बसला. संध्याकाळी त्या परत ठेवायला उठला, पण हात होईना. काचघर रात्रीही उबदार असे. राहू दे एक रात्र, तो म्हणाला, आणि त्या वर्षात पहिल्यांदाच त्याला घरी जाऊन शांत झोप लागली.

सोमवारी सकाळी सातला, कुणी यायच्या आत, बाराही कुंड्या जागच्या जागी होत्या. नोंदवहीत त्याने चार लिहिलं. रविवारच्या दोन्ही रकान्यांतही चारच होतं. त्यात खोटं काही नव्हतं. नोंद खोलीची असते, झाडांची नसते.

अकरा वाजता चिमटीने प्रत्येक झाडाचं एक पान कापून द्रव नायट्रोजनमध्ये टाकलं. पान कापल्यापासून गोठेपर्यंत दोन-तीन सेकंदांच्या वर वेळ जाता कामा नये, म्हणून ती तेव्हा श्वासही धरून ठेवायची. दुपारी सगळ्या कुंड्या गोठवणीच्या कपाटात गेल्या. मंगळवारी सकाळी कपाट उघडलं, तेव्हा हट्टीची पानं काचेसारखी ओली हिरवी दिसत होती. दुपारपर्यंत ती काळी पडून लोंबली. बाराच्या बारा, आणि मातीतले कंदही गोठून गेले.

थंडोबाला एक शंका आली, पण ती पुरती बोलून दाखवायचं धैर्य झालं नाही. त्याने अर्धाच प्रश्न विचारला. "एखादा दिवस थंडी कमी पडली असेल तर असं होतं का गं?"

चिमटी डोळे पुसत होती. "एका दिवसाने काय होतंय, काका? बाराव्या दिवशीसुद्धा झाडं तयार असतात."

तेवढ्यावर त्याने स्वतःची समजूत घातली. हट्टीच कच्चा निघाला म्हणायचं.

बैठकीत साहेबांनी घसा खाकरला. बाईंबद्दल आम्हां सर्वांना आदर आहेच, ते म्हणाले, आणि लाल पेन्सिलीने लिहिलं : क्रमांक ४१, नापास, बंद. पाच मिनिटांत पुढचा विषय निघालाही. बियाणं नष्ट करण्याचं काम अर्थातच थंडोबाकडे आलं. तो जाळीची पिशवी घेऊन बॉयलरपाशी गेला, झाकण उघडलं आणि उभाच राहिला. ही वाफ तिच्या अकरा वर्षांवर सोडायची त्याची छाती झाली नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्याने समजून-उमजून नियम मोडला. पिशवी कोटाच्या खिशात घातली, नोंदवहीत "सात नग नष्ट केले" असं लिहून सही केली आणि तो घरी गेला.

ते सात बटाटे त्याने त्या आठवड्यात रोज एक असे उकडून खाल्ले. मीठ लावून, स्वयंपाकघरातल्या त्याच छोट्या टेबलाशी बसून. समोरची खुर्ची रिकामी. त्याला वाटलं, टाकून देण्यापेक्षा हे बरं. निदान तिच्या हातचं काहीतरी त्याच्या पोटात गेलं.

पुढे सहा आठवडे काहीच झालं नाही. मग एका दुपारी चिमटी एक कागद घेऊन त्याच्या खोलीत आली आणि स्टुलावर बसली.

"काका, तिसरी खोली त्या रविवारी बंद पडली होती का?"

"नाही. का गं?"

"वहीत चार आहे."

"चारच होती."

"मग मला कळेनासं झालंय. हे बघा." तिने कागद त्याच्यापुढे ठेवला. त्यावर उंच-बुटक्या पट्ट्या होत्या. "ती सोमवारची पानं मी आता कुटून तपासली. कुठलं जनुक जागं होतं, कुठलं झोपलेलं, सगळं त्यात गोठून राहतं. बाकीचे वाण बरोबर आहेत, एकट्या हट्टीचं सगळं उलटं आलंय. कामकरी जवळजवळ झोपलेले, आणि म्होरके बेंबीच्या देठापासून ओरडतायत. चौदा दिवस थंडीत राहिलेलं झाड असं नसतं. थंडी लागून चार तास झालेलं झाड असं असतं. मी पानं अकराला कापली. म्हणजे यांना थंडी लागली ती त्याच दिवशी सकाळी सातला. असं कसं होईल?"

थंडोबा बराच वेळ त्या पट्ट्यांकडे बघत राहिला. सात वाजता म्हणजे सातच. पानांनी वेळसुद्धा बरोबर सांगितली होती.

"खोली चारवर होती," तो म्हणाला. "झाडं खोलीत नव्हती."

मग त्याने सगळं सांगितलं. इस्पितळातला बाक, "उद्या", काचघर, स्टूल, आणि रात्री परत न ठेवलेल्या कुंड्या. चिमटी ऐकत होती. रागावायला हवं होतं, पण तिला रागावता येईना.

"मी तुला विचारलं होतं," तो म्हणाला.

"तुम्ही विचारलंत एखादा दिवस थंडी कमी पडली तर. ऊब लागली तर, असं नाही विचारलंत." तिचा आवाज अगदी खाली गेला. "ही तयारी झाडाला फार महाग पडते, काका. वाढ थांबवून ते हे करतं. जरा ऊब लागली की त्याला वाटतं संपली थंडी, आणि ते दिवसभरात सगळं मोडून टाकतं. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात."

"म्हणजे हट्टी नापास नव्हता."

"त्याची परीक्षाच झाली नाही. आणि अजून एक आहे. सहाव्या दिवशीची पानं होती माझ्याकडे, तीही तपासली. तेव्हा त्याचे कामकरी असे उठले होते की आधीच्या चाळीस वाणांत तेवढे कुणाचे नाहीत. रानटी बटाट्याच्या तोडीस तोड." तिने कागद बाजूला सारला. "बाईंना जमलं होतं, काका."

थंडोबाने दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"ते कोठीतले सात राहिले असते, तरी सगळं पुन्हा उभं केलं असतं," चिमटी म्हणाली. "पण ते बॉयलरमध्ये गेले."

"नाही गेले."

तिने मान वर केली. "म्हणजे?"

"घालवेना मला. घरी नेले."

चिमटी ताडकन उठली. तिचा चेहरा असा उजळला की थंडोबाला तिच्याकडे बघवेना. "मग चला ना! आत्ता जाऊ. सुकले असले तरी चालतील. मला कोंबाचा एक डोळा पुरे, काका. एका डोळ्यातून मी अख्खा वाण परत आणते. कुठे ठेवलेत?"

"खाल्ले मी."

"सातही?"

"रोज एक."

ती खाली बसली नाही. हुशार मुलगी, तिचं डोकं अजून पळतच होतं. "सालं? सालीवरही डोळा असतो. कुठे टाकलीत? बागेत, कचऱ्यात, खताच्या खड्ड्यात... कधीकधी तिथेसुद्धा रुजतं."

"सालीसकट खाल्ले," थंडोबा म्हणाला. "तिला साल काढलेली आवडायची नाही."

मग मात्र चिमटी बसली. भिंतीपलीकडे पाच पंखे घुमत होते. उकडलेल्या बटाट्यावर मीठ भुरभुरताना त्याला किती बरं वाटलं होतं, हे आता त्याला आठवलं, आणि ते आठवणं सोसवेना. पिशवी नुसती खुंटीला अडकवून ठेवली असती तरी चाललं असतं. नियम मोडला होता तर पुरता मोडायचा, किंवा पाळायचा तर पुरता पाळायचा. त्याने दोन्हीही केलं नव्हतं.

शेवटी चिमटीच म्हणाली, "मी अहवाल दुरुस्त करते. यंत्रात बिघाड झाला होता असं लिहिते. तुमचे दोन महिने राहिलेत, काका. एकतीस वर्षांवर कशाला डाग?"

"खोलीने मला एकतीस वर्षांत एकदाही दगा दिला नाही," तो म्हणाला. "तिच्यावर कशाला घालतेस? आणि बिघाड लिहिलास तर साहेब विचारतील, कोणता, कधी. ताकास तूर लागू न देता तुला किती दिवस खोटं बोलता येणार? तोंड बघ तुझं."

त्याने नोंदवही ओढून घेतली आणि त्या रविवारचं पान काढलं. रकान्यांतल्या चारांना हात लावला नाही. शेऱ्याच्या जागी, जिथे एकतीस वर्षांत तो क्वचितच काही लिहायचा, तिथे त्याने सावकाश अक्षर काढलं : "आज सकाळी नऊ ते उद्या सकाळी सात क्र. ४१ ची बारा झाडं काचघरात होती. मी नेली. वाणात दोष नाही." खाली सही केली. मग पुढची पानं उलटून "सात नग नष्ट केले" वर एक सरळ रेघ मारली आणि त्याच्यापुढे "खाल्ले" असं लिहिलं. तिथेही सही केली.

"हे साहेबांना दाखव," तो म्हणाला. "लाल पेन्सिलीचं तेवढं खोडायला लाव. मागे काही उरलं नाही तर नाही, पण तिला जमलं होतं, एवढं कागदावर राहू दे."

चिमटीने वही छातीशी धरली. दारापर्यंत गेली आणि थांबली. तिने हट्टीची पानं कापली होती, कुटली होती, त्यांचा कण न् कण मोजला होता. बटाटा मात्र तिने कधी चाखला नव्हता, आणि आता कुणालाच चाखता येणार नव्हता.

"काका," तिने विचारलं, "कसे होते?"

थंडोबाने चष्मा काढला. कोठीतल्या थंडीत बटाटा साखर धरतो, हेही बायकोनेच त्याला सांगितलं होतं.

"गोड," तो म्हणाला. "फार गोड होते गं."